उन्हाळी नोकरीतील एक गणित



सुटीत मिळालेल्या हंगामी कामाकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. १९६१ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल मिनोविच हा विद्यार्थी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत असाच रुजू झाला. पॅसाडेनाजवळची ही प्रयोगशाळा अमेरिकी शासनाच्या ‘नासा’ या संस्थेसाठी काम करते. त्याच्या वाट्याला आली ती अवकाशयानांच्या मार्गांची आकडेमोड.

सूर्य, ग्रह आणि यान या तिघांची गती एकत्र मांडणे हा गणितातील जुना, बिकट प्रश्न. त्याला सर्वसाधारण सूत्र नाही. पायरीपायरीने उत्तराजवळ जावे लागते. मिनोविचने त्यासाठी आयबीएम ७०९० हा त्या काळातील बलाढ्य संगणक वापरला. उत्तर विलक्षण होते. ग्रहाजवळून जाताना यानाचा ग्रहसापेक्ष वेग येताना असतो तेवढाच दूर जातानाही राहतो, केवळ दिशा वळते. परंतु ग्रह स्वतः सूर्याभोवती धावत असतो. समोरून येणाऱ्या आगगाडीवर आपटलेला चेंडू जसा गाडीच्या वेगाची भर घेऊन परततो, तसेच येथे घडते. इंधन न जाळता यानाचा वेग वाढतो. हा लाभ फुकटचा मात्र नव्हे. तेवढी ऊर्जा ग्रह गमावतो, आणि गुरूसारख्या महाकाय ग्रहाला ती उणीव जाणवतही नाही.

हा निष्कर्ष लगेच सर्वांच्या गळी उतरला नाही. शिवाय रशियातील कोंद्रात्युक आणि त्सांदर यांनी अशा उपयोगाची कल्पना कित्येक वर्षे आधी मांडली होती. त्यामुळे श्रेय कोणाचे, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला आणि मिनोविच आपला दावा सोडायला तयार नव्हता. कल्पना जुनी होती हे मान्य केले, तरी दूरच्या ग्रहांपर्यंतचे मार्ग आकड्यांत उतरवण्याचे त्याचे कष्ट उणे ठरत नाहीत.

१९६५ च्या उन्हाळ्यात त्याच प्रयोगशाळेत गॅरी फ्लँड्रो हा दुसरा विद्यार्थी ग्रहांच्या स्थानांचे आलेख काढत बसला होता. गुरू, शनी, युरेनस आणि नेपच्यून हे चार ग्रह लवकरच अशा रचनेत येणार होते, की एकच यान एकामागून एक चौघांजवळून जाऊ शकेल. हा योग सुमारे १७६ वर्षांतून एकदाच येतो. यान सोडायचे तर १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातच!

खर्चामुळे मूळची भव्य योजना रद्द झाली. मंजुरी मिळाली ती केवळ गुरू आणि शनीपुरती. तरीही २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेल्या व्हॉयेजर २ चा मार्ग असा आखला गेला, की पुढची वाट खुली राहावी. थेट मार्गाने नेपच्यून गाठण्यास सुमारे ३० वर्षे लागली असती. प्रत्येक ग्रहाकडून वेग घेत व्हॉयेजर २ तेथे १२ वर्षांत, २५ ऑगस्ट १९८९ रोजी पोहोचले. मिनोविचच्या त्या उन्हाळी नोकरीला तेव्हा २८ वर्षे झाली होती.