मोहाखाली आग नको
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



आज मी कर्जफेडीवर नाही, मोहावर बोलणार आहे. आपल्या गडचिरोलीत मोह कुणाला शिकवायची गरज नाही. मुरमाड बांधावर, उघड्या रानात, जिथे भरपूर ऊन पोचतं तिथे तो उभा असतो. मार्च-एप्रिलात फुलं, पाऊस लागता लागता टोळ, म्हणजे बिया. वेचायचं, वाळवायचं काम बहुतेक आपल्याच हातांनी होतं.

मागच्या उन्हाळ्यात मी एका मावशींसोबत पहाटे फुलं वेचायला गेले. सहज विचारलं, "मावशी, यातला लहान मोह कुठला?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "लहान नाहीच गं पोरी. हे सगळे सासऱ्याच्या काळातले." आम्ही दोघींनी शोधलं. रोप एकही सापडलं नाही. झाडाखाली काळी राख होती.

ताई, मी दोष देत नाही. पाल्यात फूल दिसत नाही, विंचू-सापाची भीती असते, म्हणून आपण काडी लावतो. पण त्याच पाल्यात मागच्या पावसात उगवलेलं रोप असतं, ते जळतं. आग पुढे सरकली की चार, येन, बिजा यांचीही रोपं जातात. म्हातारी झाडं पडल्यावर मागे कोण उरणार?

मग करायचं काय? फुलं पडायच्या आधी पाला झाडून खताच्या खड्ड्यात टाका. झाडाखाली जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरा. फूल स्वच्छ राहतं, वाकण्याचा त्रासही वाचतो. मोहाचं बी जास्त दिवस टिकत नाही, म्हणून ताजं असतानाच लावा. त्याचं मूळ सरळ खोल जातं, तेव्हा लांब पिशवी घ्या किंवा थेट बांधावरच टोका. शेळ्यांसाठी भोवती काट्या लावा.

फुलं यायला दहाएक वर्षं लागतात. कुणी म्हणेल, एवढं कोण थांबतं? अहो, पहिल्या बैठकीत दहा-दहा रुपये टाकले तेव्हाही असंच म्हणालो होतो ना? आज त्याच बचतीवर आपण कर्ज देतो-घेतो.

एकच विनंती आहे. पुढच्या बैठकीत ठरावाच्या वहीत लिहा : आमच्या गटातली कुणीही मोहाखाली आग लावणार नाही, आणि प्रत्येकीची दोन रोपं. पावसाळ्यात मी रोपं बघायला येणार आहे.