श्रद्धेची पारख

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद मिळण्याआधी व्याख्यान देणे हे धाडसच आहे. तेव्हा प्रास्ताविक आटोपतो आणि थेट विषयाला हात घालतो. देवाधर्माच्या ज्या गोष्टी आपण खऱ्या मानतो, त्या कशावरून खऱ्या मानतो? हा प्रश्न नास्तिकाने विचारायचा आणि आस्तिकाने रागवायचे, अशी आपल्याकडे रीत पडली आहे. खरे तर हा आस्तिकांचा घरचा प्रश्न आहे. सोने आपल्या अंगावर घालायचे असते तोच सराफाकडे जाऊन कस लावून घेतो. ज्याला घ्यायचेच नाही तो कशाला जाईल?

उदाहरण आपल्या रोजच्या पाठातले घेऊ. संकटनाशन गणेशस्तोत्र आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. त्यात बाप्पाची बारा नावे आहेत आणि शेवटी फलश्रुती आहे. सहा महिने जप केला तर फळ मिळते, वर्षभर केला तर सिद्धी मिळते. विद्यार्थ्याला विद्या, धनाची इच्छा असणाऱ्याला धन. मुदतही दिली आहे आणि शंकेला जागा ठेवलेली नाही. आता बारावीतला मुलगा सहा महिने रोज स्तोत्र म्हणतो, आणि निकाल मनासारखा लागत नाही. तो विचारतो, "आजी, हे खरे नव्हते का?" आजीने काय सांगावे?

आजी बहुधा म्हणेल, "अरे, तुझे लक्ष नव्हते, उच्चार चुकले असतील." हे उत्तर आजीचे एकटीचे नाही. गौतमांच्या न्यायसूत्रांत, म्हणजे दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथात, हीच शंका मांडली आहे. पुत्रकामेष्टी केली आणि पुत्र झाला नाही, मग वेद खोटा का मानू नये? सूत्रकारांचे उत्तर असे, की कर्मात, कर्त्यात किंवा साधनांत काही उणे राहिले असेल. मला कौतुक वाटते ते आधी प्रश्नाचे. आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न दडपला नाही. पूर्वपक्ष म्हणून ग्रंथात नोंदवला आणि मग उत्तर दिले.

उत्तर मात्र अर्धेच पुरते. डॉक्टरही म्हणतात, "गोळ्या वेळेवर घेतल्या नाहीत, म्हणून ताप उतरला नाही." पण डॉक्टर आधी चिठ्ठीवर लिहून देतात, किती गोळ्या, केव्हा, किती दिवस. तेवढे सगळे करूनही ताप राहिला, तर औषध बदलतात. प्रत्येक अपयशाचे खापर भक्ताच्या डोक्यावर फोडायचे ठरवले, तर ती शिकवण कधी चूक ठरूच शकणार नाही. जी परीक्षा कोणी नापास होऊच शकत नाही, तिच्यात पास झाल्याचा आनंद तरी काय मानायचा? शिवाय त्या पोराच्या मनात कायमचे बसते की आपणच कुठेतरी पापी आहोत. हा घाव लहान नाही.

मीमांसकांनी यातून दुसरी वाट काढली होती. ते विचारत, समोरचे वाक्य कोणत्या जातीचे आहे? 'असे करावे' असे सांगते तो विधी. त्या विधीची गोडी लागावी म्हणून केलेली स्तुती हा अर्थवाद. अर्थवाद अक्षरशः घ्यायचा नसतो, त्याचे काम प्रवृत्त करण्याचे. आपल्या फलश्रुतींकडे या नजरेने पाहता येते. आई म्हणते, "दूध पी, म्हणजे भीम होशील." आई खोटे बोलत नाही, पण ती भविष्यही सांगत नसते.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की विधानाची जात ओळखावी आणि मग कसोटी लावावी. तापाला थर्मामीटर, दुधाला लॅक्टोमीटर आणि सोन्याला कसोटीचा दगड. थर्मामीटरने दूध तपासले तर दोष दुधाचाही नाही आणि थर्मामीटरचाही नाही.

जे विधान डोळ्यांना दिसणाऱ्या जगाबद्दल आहे, त्याची कसोटी प्रत्यक्षच. हे कोणा विलायती पंडिताचे मत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात शंकराचार्यांनीच ही सीमा आखली आहे. विस्तव गार असतो असे श्रुती सांगू लागली, तरी तेवढ्यापुरते ते प्रमाण मानता येत नाही, असा त्यांचा आशय. श्रुतीचे क्षेत्र जिथे प्रत्यक्ष आणि अनुमान पोचत नाही तिथले.

२१ सप्टेंबर १९९५ आठवत असेल. गणपती दूध पितो म्हणून देशभर देवळांपुढे रांगा लागल्या होत्या. केंद्र सरकारच्या विज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवले, की पृष्ठताणामुळे चमच्यातले दूध ओढले जाते आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळते. ते विधान दुधाविषयी होते, म्हणून त्याचा निकाल दुधाच्या परीक्षेने लागला. त्याने बाप्पाचे काही उणे झाले का? पुढच्या वर्षी मांडव पडलेच आणि गर्दी कमी झाली नाही. ज्यांची श्रद्धा चमच्यावर टेकलेली नव्हती त्यांचे काहीच बिघडले नाही.

जिथे जीव पणाला लागतो तिथे तर ही सीमा काटेकोर पाळावी लागते. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. याच कायद्याने वारी, प्रदक्षिणा, उपासना, कीर्तन, प्रवचन यांना मात्र हात लावलेला नाही. विषावर उतारा कोणता, हा श्रद्धेचा प्रश्नच नव्हे.

पण धर्माच्या सगळ्याच गोष्टी अशा मोजता येत नाहीत. कसे जगावे, कोणाशी कसे वागावे, हे चमच्याने तपासता येत नाही. तिथे आपण काय करतो? जाणत्यावर विश्वास ठेवतो. न्यायशास्त्रात त्याला 'आप्त' म्हणतात. भाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताची खूण सांगितली आहे, ती ही, की त्याने गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. आणि ही खूण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छालाही सारखीच लागू, असे ते स्पष्ट सांगतात. म्हणजे जात, वेश आणि मठ पाहायचा नाही. जाणले आहे का आणि प्रामाणिकपणे सांगतो आहे का, एवढेच पाहायचे. आजच्या दूरचित्रवाणीवरच्या महाराजांना ही दोन कलमे लावून पाहा, पुष्कळ गर्दी कमी होईल.

दोन आप्त परस्परविरुद्ध सांगू लागले तर काय करायचे? असा प्रसंग आपल्या इतिहासात येऊन गेला आहे. आपल्या बंगाली मित्रांना फुलमणी दासीचे नाव ठाऊक असेल. कलकत्त्याची ही सुमारे दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. त्याच्यावर १८९० साली खटला चालला. पण तेव्हा संमतीचे वय दहा होते, म्हणून बलात्काराचा गुन्हा लागू होईना. मग ते वय बारा करण्याचा कायदा पुढे आला आणि १८९१ साली तो संमत झाला. त्यावर देशभर वादळ उठले. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्रातले आधार काढून दाखवले, की हा कायदा शास्त्राच्या आड येत नाही. लोकमान्यांनी त्यांच्या अर्थावर आक्षेप घेतले. शिवाय परक्या सरकारने आपल्या घरात असा हात घालू नये, ही त्यांची मुख्य भूमिका होती. दोघेही संस्कृताचे प्रकांड पंडित होते, दोघेही धर्माभिमानी होते, आणि दोघांपुढे ग्रंथही तेच होते.

मग निवाडा ग्रंथाने कसा व्हावा? मनुस्मृतीत धर्माची चार प्रमाणे दिली आहेत. वेद, स्मृती, सज्जनांचे आचरण, आणि चौथे स्वतःच्या मनाचे समाधान. हे चौथे वाचले की मला नेहमी प्रश्न पडतो, कोणाच्या मनाचे? त्या वादात पंडित बोलले, वकील बोलले, वर्तमानपत्रे बोलली. जिच्या देहावर त्या वचनाचा अर्थ लावला जात होता, ती मुलगी बोलायला उरलीच नव्हती.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या पुढाकाराने तीच मनुस्मृती जाळली गेली. अनेकांना तेव्हा धक्का बसला आणि आजही काहींना तो विषय अवघड वाटतो. माझ्या दृष्टीने तो त्या चौथ्या प्रमाणाचाच प्रश्न होता. ज्यांच्या वाट्याला त्या ग्रंथातली माणसामाणसांतली उच्चनीचता आली होती, त्यांच्या मनाचे समाधान कोणी कधी विचारलेच नव्हते. त्या दिवशी त्यांनी न विचारता उत्तर दिले.

म्हणून मला वाटते, वागणुकीविषयीच्या कोणत्याही धर्मवचनाची पारख करताना एक गोष्ट चुकवू नये. ते वचन ज्याच्या वाट्याला येते त्याला आधी विचारावे. सांगणारा सुखात असतो, ऐकणारे मान डोलावतात. भोगणारा कोपऱ्यात उभा असतो. उपवासाविषयी घरच्या सुनेला विचारा, सोवळ्या-ओवळ्याविषयी बाहेर थांबवलेल्याला विचारा, आणि मांडवातल्या कर्ण्याविषयी शेजारच्या इमारतीतल्या आजाऱ्याला विचारा. (कार्यकर्त्यांनी रागावू नये, मी वर्गणी दिली आहे.) आपण परमुलखात राहतो. इथे आपला उत्सव शेजारच्यांच्या सोसण्यावरच चालतो, तेव्हा ही सवय आपल्याला जड जाऊ नये.

राहता राहिला तो बारावीतला मुलगा. आजीने त्याला सांगावे, "बाळा, गुण अभ्यासाचे असतात. ते तुझे उणे, स्तोत्राचे नव्हे. तू अभ्यास करून कमी पडला असशील तरी पापी नाहीस. स्तोत्र म्हणून तुझे मन थोडे स्थिर होते का, भीती कमी होते का, एवढे मात्र तूच पाहा. होत असेल तर म्हण. होत नसेल तर सक्ती नाही." हा अनुभव त्याचा त्यालाच घ्यावा लागेल. तहान भागली की नाही हे पाणी पिणाऱ्यालाच कळते, ते दुसऱ्याने सांगून चालत नाही.

आणि आपण मोठी माणसे? वर्षानुवर्षे पूजा करणाऱ्यांनी फळ मिळाले की नाही हे स्वतः ठरवू नये. उत्तर फार गोड येते. दाखला घरच्यांकडून घ्यावा. आपण आधीपेक्षा कमी चिडतो का, देणे वेळेवर देतो का, हाताखालच्या माणसाशी नीट बोलतो का, हे त्यांना विचारावे. ते जे सांगतील ते सहसा कोणत्याही फलश्रुतीपेक्षा थोडके असते, पण त्यावर भरवसा ठेवता येतो.

आता प्रसादाला उशीर नको.

गणपती बाप्पा मोरया!