कुत्र्याचें अडनिडें वय

रामटेकच्या गडाच्या पायथ्याशीं असलेलें एखादें अंगणाचें घर श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावें. त्या घरीं गतवर्षीं दोन महिन्यांचें आल्सेशियन जातीचें पिलूं आलें. दोन महिन्यांत तें ‘बैस’ म्हटलें कीं बसूं लागलें, हांकेसरशीं धांवत येऊं लागलें, आणि घरांतल्या लहानथोरांचें लाडकें झालें. आज तो दहा महिन्यांचा आहे आणि वजनाला तीस किलोच्या घरांत गेला आहे. हांक मारली तर कान हलवितो, पण येत नाहीं. गडावरचीं माकडें गच्चीवर उतरलीं कीं साखळी तुटेल इतका ताण देतो. रोजच्या दूधवाल्यावर गुरगुरतो आणि वाटेंत पडलेलें रिकामें पोतें पाहून मात्र भिऊन मागें सरतो. आजीबाई म्हणतात दृष्ट लागली, घरधनी म्हणतात लाडानें बिघडला. एक शेजारी दोन रट्टे देण्याचा सल्ला देतो, दुसरा म्हणतो, “आमच्या शेतावर नेऊन बांधा, राखणीला कामीं येईल.”

हें घर काल्पनिक असलें तरी हा प्रसंग काल्पनिक नाहीं. मोठ्या जातीचा कुत्रा पाळणाऱ्या घरांपैकीं फारच थोडीं घरें त्यांतून सुटतात. आणि या दुसऱ्या शेजाऱ्याचा सल्ला ऐकावा कीं नाहीं, यावर त्या जनावराचें पुढील दहा-बारा वर्षांचें आयुष्य अवलंबून असतें.

मनुष्याच्या तारुण्यांतल्या उनाड वर्षांना मराठींत गद्धेपंचविशी असें मार्मिक नांव आहे. कुत्र्यालाही ती चुकलेली नाहीं. लहान चणीचे कुत्रे सहा ते नऊ महिन्यांत वयांत येतात व वर्षाच्या आंत बाहेर स्थिरावतात. आल्सेशियन, लाब्राडोर, रॉटवायलर किंवा आपल्या दख्खनचा उंच कारवानी यांच्या बाबतींत हा काळ लांबतो. त्यांच्या हाडांची वाढ वर्ष-दीड वर्षपर्यंत चालूं असते आणि स्वभावाला प्रौढपणा येण्यास कधीं कधीं दोन वर्षें लागतात. म्हणजे देह वाघाएवढा दिसूं लागतो तेव्हां आंत पोरच असतें. घरच्या माणसांची फसगत येथेंच होते. जो खोडकरपणा तीन किलोच्या पिलाला शोभला, तोच तीस किलोच्या जनावरानें केला म्हणजे त्याला दांडगाई हें नांव मिळतें.

या वयांतील अवज्ञा हा केवळ घरधन्यांचा भ्रम नसतो. इंग्लंडमध्यें ल्यूसी ॲशर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अंधांना वाट दाखविण्यासाठीं तयार केल्या जाणाऱ्या लाब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर व त्यांच्या संकरित कुत्र्यांचें निरीक्षण केलें आणि तें २०२० सालीं प्रसिद्ध केलें. पांचव्या महिन्यांत व पुन्हां आठव्या महिन्यांत या कुत्र्यांना बसण्याची आज्ञा देण्यांत आली. एकदां त्यांना सांभाळणाऱ्या माणसाकडून आणि एकदां परक्याकडून. आठव्या महिन्यांत ते परक्याचें ऐकत, परंतु ज्यानें वाढविलें त्याच्याच आज्ञेकडे दुर्लक्ष करीत! घरांत आईचें न ऐकणारा मुलगा शाळेंत मास्तरांपुढें कसा हात बांधून बसतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना याचें आश्चर्य वाटूं नये. ज्या कुत्र्यांना आपल्या माणसापासून दूर राहणें विशेष जड जाई, त्यांच्यांत ही अवज्ञा अधिक आढळली. पण याच संशोधनांतील खरी दिलाशाची गोष्ट पुढें आहे. सांभाळणाऱ्यांनीं शिकवणुकीविषयीं जे गुण दिले, ते आठव्या महिन्यांत घसरले आणि बाराव्या महिन्यापर्यंत पुन्हां वर चढले. अर्थात् मोठ्या देहाच्या जातींत हा अवधि याहून लांबूं शकतो. तथापि कुत्रा शेतावर धाडण्याचा विचार घरांत निघतो तो बहुधा याच घसरणीच्या महिन्यांत, सुधारणा दाराशीं येऊन ठेपलेली असतांना.

मात्र वयाच्या नांवावर सर्व कांहीं खपवूं नये. वाढत्या मोठ्या कुत्र्याच्या स्वभावांत फरक पडला तर प्रथम शंका दुखण्याची घ्यावी. पांच ते अठरा महिन्यांच्या दरम्यान मोठ्या जातींत, विशेषतः आल्सेशियनमध्यें, पायांच्या लांब हाडांना एक दाहयुक्त विकार होतो. आज पुढचा पाय लंगडतो, पंधरवड्यानें मागचा, आणि त्या जागीं कोणी हात लावला कीं कुत्रा दांत दाखवितो. कमरेच्या सांध्याची सदोष घडण हाही याच जातींचा शाप आहे. जो कुत्रा मुलांनीं पाठीवर हात ठेवतांच गुरगुरतो तो उद्दाम झाला नसून त्याचें कंबरडें दुखत असेल. यांत भर पडते ती घरगुती वैद्यकीची. हाडें बळकट व्हावींत म्हणून कॅल्शियमचें चूर्ण खुराकांत मिसळण्याची चाल फार आहे. मोठ्या जातीच्या पिलाला जास्तीचें कॅल्शियम बाहेर ठेवतां येत नाहीं, आणि त्यानें हाडांची वाढ सुधारण्याऐवजीं बिघडते. गडाच्या पायऱ्या रोज चढविण्याचा व्यायामही वर्षाच्या आंतील अशा कुत्र्याला देऊं नये. सपाट मातीवरचें चालणें त्याला पुरेसें आहे.

गोचिडांपासून होणारा ताप कुत्र्याला मलूल व चिडखोर करतो. आणि एका गोष्टींत तर क्षणाचाही विलंब नको. लस न टोंचलेल्या कुत्र्याचें वर्तन एकाएकीं पालटलें, आवाज बदलला, लाळ गळूं लागली, गिळतां येईना, तर ती पिसाळ असूं शकते. त्याला हात न लावतां कोंडून पशुवैद्याला बोलवावें. कोणास चावा किंवा ओरखडा लागला असल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं रुग्णालय गाठावें. रामटेकच्या घरांना मोठ्या तपासणीसाठीं नागपूर दूर नाहीं. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासून चालूं आहे.

आतां पहिल्या शेजाऱ्याच्या रट्ट्यांविषयीं. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या टोळींत बळाचें राज्य, म्हणून धन्यानें बळ दाखवावें, अशी ही विचारसरणी आहे. तिचें मूळ बरेंचसें रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत सांपडतें. पण ते लांडगे प्राणिसंग्रहालयांत कोंडलेले होते. पुढें डेव्हिड मीच यांनीं उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा सहवास वर्षानुवर्षें केला व १९९९ सालीं दाखवून दिलें कीं, तशी टोळी म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांचीं मुलें, निव्वळ एक कुटुंब असतें. कोंडवाड्यांतील कैद्यांवरून गृहस्थाश्रमाचे नियम काढावेत, त्यांतलाच तो प्रकार. आणि रट्ट्यांचा परिणाम काय होतो? पेनसिल्व्हानिया विद्यापीठांतील पशुवैद्यांनीं २००९ सालीं नमूद केलें कीं, मारणें, दरडावणें, जमिनीवर दाबून धरणें अशा उपायांना पुष्कळ कुत्र्यांनीं उलट अंगावर येऊनच उत्तर दिलें. पोत्याला भिणाऱ्या जनावराला आणखी भिवविलें तर याहून निराळें काय घडणार?

सोळाव्या वर्षीं मुलाला मित्र मानावें, असा आपल्या वडीलधाऱ्यांचा उपदेश आहे. दहा महिन्यांच्या कुत्र्याशीं मैत्री म्हणजे मोकळीक नव्हे. शिकवणी पुन्हां मुळाक्षरांपासून, पण थोडी थोडी. पांच मिनिटें सकाळीं, पांच संध्याकाळीं, आणि आज्ञा पाळली कीं लगेच भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या मांसाचा कण. येणार नाहीं हें दिसत असतां दहा वेळां हांक मारूं नये. त्यानें हांकेची किंमत जाते. मोकळ्या जागीं लांब दोर बांधून फिरवावा. माकडें गच्चीवर येण्याची वेळ घरच्यांना ठाऊक असते; त्या वेळीं कुत्रा आंत घेतला कीं रोजचा अर्धा तंटा मिटतो. दूधवाल्याच्याच हातून चार दिवस खाऊ जमिनीवर टाकवावा. पोत्याजवळ ओढून नेऊं नये, दुरून पाहूं द्यावें. वैशाख-ज्येष्ठांत फेरी उजाडण्यापूर्वींच आटोपावी. या भागांतील डांबरी रस्ता दुपारीं कुत्र्याचे तळवे भाजतो. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेंत गर्दी आणि फटाके असतात, तेव्हां त्याला आंतल्या खोलींत माणसाच्या सोबतीनें ठेवणें बरें.

खच्ची करून टाकल्यानें सर्व प्रश्न सुटतात, हा समजही तपासून घ्यावा. आल्सेशियनसारख्या जातींत वर्षाच्या आंत ही शस्त्रक्रिया झाल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असें कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील संशोधकांना आढळलें आहे. वेळ पशुवैद्यानें ठरवावी.

राहतां राहिला शेतावरचा खुंटा. कुत्रा हा एकट्यानें राखण करणारा शिपाई नव्हे. माणसांवांचून बांधून ठेवलेला कुत्रा भुंकून भुंकून खुळावतो किंवा खिन्न होऊन पडतो. सदा बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणें हा १९६० च्या प्राणिक्रूरता-प्रतिबंधक कायद्यानें गुन्हाही आहे. शिवाय रामटेकच्या आसपास रान आहे, आणि बिबट्याला कुत्र्याहून सोपी शिकार क्वचितच मिळते. साखळीनें जखडलेल्या जनावराला तर पळतांही येत नाहीं.

तेव्हां त्या अंगणाच्या घरीं कुत्रा अजून दाराशींच आहे. पशुवैद्यानें मागचा उजवा पाय तपासून कांहीं आठवडे उड्या बंद करण्यास सांगितलें आहे, आणि कॅल्शियमची डबी कपाटांत गेली आहे. सायंकाळीं घरांतला मुलगा वीस हात दोर घेऊन त्याला अंबाळा तलावाच्या बाजूला नेतो. काल तिसऱ्या हांकेला आला. आज पहिल्याच हांकेला वळून पाहिलें, मग एका झुडपाचा वास घेतला, आणि नंतर आला.