एकट्याला उचलता येईल असं घर

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला आहे, 'लहान घर आणि कागदी फर्निचर'. मला का दिला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी ३१ वर्षं पॅकिंगच्या खोक्यांच्या कारखान्यात नोकरी केली. हल्ली 'खोके' म्हटलं की लोक भलतंच समजतात, म्हणून आधीच सांगतो, आमचे खोके पुठ्ठ्याचे होते आणि कारखान्यातून रिकामेच बाहेर पडायचे.

आधी लहान घराबद्दल. आपला फ्लॅट ३८० चौरस फुटांचा. २५ वर्षांत त्यात एका इंचाची भर पडलेली नाही. सामान मात्र दर दिवाळीला वाढत गेलं. बॉक्स-बेड आला, सोफा आला, वॉल युनिट आलं, मुलांसाठी कॉम्प्युटर टेबल आलं. आता हिशेब बघा. १८ मिलिमीटर जाडीचं, आठ बाय चारचं प्लायवूडचं एक शीट तीसेक किलोचं असतं. बॉक्स-बेडला अशी तीन-चार शीटं लागतात. म्हणजे गाद्या आणि आतलं सामान सोडून शंभर किलोचा पलंग! सुतार तो ज्या जागी ठोकून जातो, त्याच जागी तो आयुष्यभर राहतो. दहा बाय दहाच्या खोलीत तेवढी जागा दिवसाचे चोवीस तास पलंगाच्या नावावर लिहून दिलेली.

आपल्यापैकी पुष्कळजण चाळीतून इथे आले. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात सात-आठ माणसं राहायची, वर गावाकडचा पाहुणा. कसं जमायचं? सगळं सामान उचलता यायचं म्हणून. सकाळी गाद्यांची वळकटी व्हायची, जेवताना पाट मांडले जायचे, अभ्यासाला ट्रंक पुढे ओढायची. एकाच खोलीची दिवसातून चार वेळा वेगळी खोली व्हायची. लहान घर फक्त चौरस फुटांवर मोठं होत नाही, त्यातलं सामान किती हलतं यावरही होतं. कागदी फर्निचरची खरी किंमत मला तिथे दिसते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. कागदावर बसायचं? मी सोबत हा स्टूल आणलाय. फाइव्ह प्लाय पुठ्ठ्याच्या पट्ट्या खाचा पाडून एकमेकींत अडकवल्या आहेत. खिळा नाही, स्टेपल नाही. पहिलीतली मुलगी एका हाताने उचलेल. माझं वजन ७८ किलो आहे. बघा, उभा राहतो. (टाळ्या)

यात जादू काही नाही. पुठ्ठ्याची कड निरखून बघा. दोन सपाट कागदांमध्ये नागमोडी कागद चिकटवलेला असतो, त्या नागमोडीला आम्ही फ्लूट म्हणतो. थ्री प्लायमध्ये नागमोडीचा एक थर, फाइव्ह प्लायमध्ये दोन, सेव्हन प्लायमध्ये तीन. फ्लूट उभी ठेवली की प्रत्येक नळी एकेका खांबासारखं वजन घेते. तोच पुठ्ठा आडवा ठेवा, लगेच दबतो. म्हणून पुठ्ठ्याचं काहीही विकत घेताना पहिली गोष्ट बघायची, वजन घेणाऱ्या भागातल्या नळ्या उभ्या आहेत ना. गंमत म्हणजे १८५६ साली इंग्लंडमध्ये या नागमोडी कागदाचं पेटंट घेतलं गेलं ते खोक्यासाठी नव्हे, साहेबाच्या उंच हॅटच्या अस्तरासाठी!

खुर्चीपर्यंत तो पोचायला शंभर वर्षं गेली. अमेरिकेतले वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी १९७२च्या सुमारास पुठ्ठ्याचे थर एकावर एक चिकटवून नागमोडी खुर्ची केली, ती आजही विकली जाते. पण मला जास्त जवळचे वाटतात जपानचे शिगेरू बान. १९९५च्या कोबे भूकंपानंतर त्यांनी कागदाच्या जाड नळ्यांची घरं उभी केली. पायाला वाळूच्या पिशव्या भरलेले बिअरचे क्रेट. २००१ साली आपल्या भुजमध्ये भूकंप झाला, तेव्हा तिथेही त्यांनी तसं घर बांधलं. क्रेटऐवजी पडलेल्या घरांचा राडारोडा पायाला घातला आणि छपराला बांबू वापरला. जिथे जे मिळेल ते घ्यायचं, हा त्यातला धडा. बान यांना २०१४ साली वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळाला.

टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हा खेळाडूंना पुठ्ठ्याच्या खाटा दिल्या होत्या. क्षमता २०० किलो. त्या मोडतात अशी अफवा उठली. आयर्लंडच्या एका जिम्नॅस्टने खाटेवर उड्या मारतानाचा व्हिडिओच टाकला. खाट जागची हलली नाही. त्याच्या आदल्या वर्षी, कोविडमध्ये, दिल्लीत छतरपूरला दहा हजार खाटांचं केंद्र उभं राहिलं, तिथेही पुठ्ठ्याच्या खाटा होत्या. मुंबईच्या 'आरंभ' संस्थेने खेड्यातल्या शाळांसाठी पुठ्ठ्याचं दप्तर केलं. ते उघडलं की जमिनीवर बसणाऱ्या मुलापुढे उतरतं डेस्क तयार होतं. खर्च दहा रुपयांच्या आसपास.

आणि एवढ्या लांब तरी कशाला जायचं? २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आल्यापासून आपल्यापैकी कितीतरी घरी गणपती पुठ्ठ्याच्या मखरात बसतात. खाचेत खाच अडकवायची, विसर्जन झालं की घडी करून पलंगाखाली. पुढच्या वर्षी तेच मखर बाहेर. बाप्पाने कागदी फर्निचर आपल्या आधी स्वीकारलंय.

पण मी सेल्समन नाही, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो. पुठ्ठ्याचा पहिला शत्रू पाणी. हवेत दमटपणा वाढला की पुठ्ठ्याची निम्मी ताकदसुद्धा जाऊ शकते. आपला जुलै-ऑगस्ट कसा असतो ते मी सांगायला नको. म्हणून मोरीजवळ, ओल आलेल्या भिंतीला लागून किंवा खिडकीखाली पुठ्ठ्याची वस्तू ठेवायची नाही. तळाला लाकडाच्या किंवा रबराच्या गोट्या हव्यात, नाहीतर फरशी पुसताना ती पाणी पिते. उघड्या कडा पट्टीने बंद करायच्या. पुठ्ठा चिकटवायला सहसा स्टार्चची खळ असते आणि झुरळांना ती आवडते. वाळवीबद्दल तर बोलायलाच नको. गॅसपासून आणि देवघरातल्या समईपासून लांब. म्हाताऱ्या माणसाने उठताना ज्याच्यावर भार टाकायचा, ती खुर्ची मात्र लाकडाचीच ठेवा. हलकी वस्तू रेलताना सरकते.

आणखी एक. 'इको-फ्रेंडली' हा शब्द बघून पैसे देऊ नका. वरून प्लास्टिकचा चकचकीत थर दिलेला पुठ्ठा रद्दीवाला नाक मुरडून परत देतो. साधा पुठ्ठा तो तोलून घेतो, त्याचा लगदा होऊन पुन्हा कागद होतो. हे साधारण पाच ते सात वेळा करता येतं, मग धागा आखूड होत जातो. आपल्या आज्या जुन्या वह्या भिजवून, त्यात मेथी वाटून घालून टोपल्या लिंपायच्या. पुनर्वापर हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल.

आता ज्यासाठी मी मुद्दाम उभा राहिलो ते बोलतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री अडीच वाजता बी विंगमधल्या आजोबांना दवाखान्यात न्यायचं होतं. स्ट्रेचर तिसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर वळेना, कारण तिथे जुनं कपाट आणि सोफ्याचा सांगाडा उभा होता. शेवटी आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. आजोबा बरे होऊन आले, आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांच्या परवानगीनेच सांगतोय. त्या कपाटाचा मालक कोण, हा प्रश्न नाही. जवळजवळ प्रत्येक लँडिंगवर असंच काही ना काही आहे, गच्चीवर तर गोदामच. सनमायका लावलेलं जुनं प्लायवूड भंगारवाला घेत नाही, चार मजले उतरवायला हमाल पैसे मागतात, म्हणून ते दारातून दोन पावलं बाहेर सरकतं आणि तिथेच राहतं. पण तो जिना आपल्या सगळ्यांचा सुटकेचा रस्ता आहे.

दुसरं, आपल्या इमारतीला २५ वर्षं झाली. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा करायचं असतं. इंजिनीअर येतो तेव्हा त्याला कॉलम, बीम आणि ओलीच्या जागा दिसायला हव्यात. भिंतभर ठोकलेल्या वॉर्डरोबच्या मागे त्याने काय बघायचं? जे सरकत नाही, त्याच्यामागे काय कुजतंय ते कळतही नाही.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, येत्या ऑडिटच्या आधी सगळ्यांनी मिळून एकच टेम्पो ठरवावा आणि लँडिंग, गच्ची रिकामी करावी. खर्च वाटून घेतला तर कुणालाच जड जाणार नाही. दुसरी, याच सभागृहात संध्याकाळी सात ते दहा अभ्यासिका सुरू करावी. आपल्याकडची दहावी-बारावीची मुलं आज टीव्हीसमोर पलंगावर बसून अभ्यास करतात. अडचण एकच सांगितली जाते, की टेबलं ठेवली तर हळदीकुंकू आणि वार्षिक सभा कुठे घ्यायची? घडीची पुठ्ठ्याची डेस्क केली तर दहा वाजता मुलंच ती भिंतीला लावून ठेवतील. सुरुवातीला फक्त बारा करू. मी आखून देतो, कापायला मुलांनीच यावं. एक अख्खा पावसाळा ती टिकतात का बघू. टिकली तर वाढवू, नाही टिकली तर रद्दीवाला आहेच.

नवीन वस्तू घेताना दुकानदाराला किंमत विचारण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा. ही मला एकट्याला, किंवा घरातल्या बाईमाणसाला एकटीला उचलता येईल का? उत्तर 'हो' असेल तर लाकूड, बांबू, पुठ्ठा, काहीही घ्या. डेस्कसाठी नावं द्यायची असतील त्या मुलांनी चहा झाल्यावर मला भेटावं.