नवागत कुटुंबांस साहाय्य : आपले कर्तव्य
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नोकरीधंद्यानिमित्त गाव सोडून ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे येणाऱ्या ज्ञातिबांधवांस साहाय्य कसे करावे, हा आजचा विषय आहे. साहाय्य करावे की नाही, हा प्रश्नच नव्हे. अडल्यानडल्यास हात देणे ही आपली जुनी रीत आहे. प्रश्न एवढाच, की तो हात धरून माणूस उभा राहतो, की त्या हातालाच लोंबकळत राहतो?

याचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधील निर्वासित हजारोंच्या संख्येने कल्याणजवळच्या लष्करी छावणीत येऊन पडले. महायुद्धकाळच्या त्या बराकींत पडदे लावून त्यांनी संसार मांडले. सरकारने निवारा दिला. परंतु तेवढ्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. स्त्रियांनी पापड-लोणची केली. पुरुषांनी व मुलांनी किरकोळ जिन्नस विकले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आज तेथील बाजारात आपणच कापड व फर्निचर घ्यावयास जातो!

दुसरे उदाहरण ज्ञातिसंस्थांच्याच इतिहासातील आहे. राव बहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली मुंबईत आपल्या सारस्वत बांधवांसाठी शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली आणि १९१५ साली गावदेवी येथे सहकारी गृहनिर्माण संस्था उभारली. त्यांनी भिक्षा वाटली नाही, पत निर्माण केली. त्या पतसंस्थेची पुढे मोठी बँक झाली व तिची दारे सर्वांस खुली झाली.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सुचवावयाच्या आहेत. नव्या कुटुंबाचे कंबरडे मोडते ते घराच्या अनामत रकमेने. ती रक्कम निधीतून बिनव्याजी कर्जाऊ द्यावी आणि सोयीच्या हप्त्यांनी परत घ्यावी. परत आलेला पैसा पुढच्या कुटुंबाच्या उपयोगी पडेल. दुसरे, प्रत्येक नवागत कुटुंबामागे येथील एका जुन्या कुटुंबाने सहा महिने उभे राहावे. शिधापत्रिकेवरील पत्ता, मुलांचा शाळाप्रवेश, बँकेतील खाते ही कामे पैशापेक्षा माहितीवाचून अडतात. तिसरे, ज्या भगिनींच्या हाती शिवणकाम वा स्वयंपाकाची कला आहे, त्यांना पहिले काम आपल्याच घरच्या कार्यात द्यावे, आणि मोबदला बाजारभावाने द्यावा. नात्याच्या नावाखाली घासाघीस करू नये.

वृद्ध, निराधार व आजारी यांस मात्र परतफेडीची अट नसावी. तेथे दान हेच योग्य.

आणखी एक विनंती. देणगीदारांची नावे स्मरणिकेत छापणे उचितच आहे. साहाय्य घेणाऱ्यांची नावे मात्र कोठेही प्रसिद्ध होऊ नयेत, सभेत उच्चारलीही जाऊ नयेत. गाव सुटलेल्या माणसापाशी पुष्कळदा अब्रू एवढेच भांडवल उरलेले असते. ते आपण खर्ची घातले, तर त्याने उभे राहावे कशाच्या बळावर?

आपल्यापैकी किती घराण्यांचे वाडवडील कधीकाळी वळकटी घेऊन या स्थानकांवर उतरले असतील, याचा प्रत्येकाने विचार करावा. आज घेणारा उद्या देणाऱ्यांच्या यादीत यावा, यातच आपल्या निधीचे यश आहे.