दोन माणसांच्या मधे कोण उभे आहे?

(मंडळाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अहवाल वाचून झाला, हिशेब मंजूर झाले. आता दहा मिनिटे आम्हाला अशा विषयावर बोलायचे आहे, जो विषयपत्रिकेत नव्हता आणि ज्यात चूक आमची आहे.

गोष्ट गुढीपाडव्याची. सकाळी सहाच्या सुमारास दांडिया बाजारातल्या आपल्या एका ज्येष्ठ सभासदांच्या पत्नीने मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर चार ओळी लिहिल्या. यजमानांना रात्री दवाखान्यात हलवले आहे, रक्ताची गरज आहे, कोणी येऊ शकेल का? त्यानंतर तासाभरात गटावर साठाहून अधिक शुभेच्छा येऊन पडल्या. गुढी, आंब्याचे तोरण आणि खाली कोणाचे तरी नाव. साडीचे दुकान, फरसाणवाले, क्लासवाले, बिल्डर, दोन पक्षांचे इच्छुक उमेदवार. आणि यांतला पहिला फलक कोणाचा होता? आपल्या मंडळाचा, पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांसह. काकूंच्या चार ओळी कुठल्या कुठे वर गेल्या. तिघांनी त्या ओळींखाली हात जोडल्याचे चिन्हही टाकले. त्यांना वाटले, याही शुभेच्छाच.

आम्हाला ही बातमी दुपारी कळली, तीही फोनवरून. तोवर रक्त मिळाले होते. खालच्या मजल्यावर राहणारा एक गुजराती मुलगा, जो आपल्या कुठल्याही गटात नाही, रात्री जिन्यावरची धावपळ ऐकून उठला होता आणि सकाळी दोन मित्रांना घेऊन दवाखान्यात हजर झाला. काका आता बरे आहेत. आम्ही भेटायला गेलो तेव्हा काकूंनी चहा दिला, तक्रारीचा एक शब्द काढला नाही. म्हणूनच आम्हाला मान वर करवली नाही.

हे असे का झाले, याचा आम्ही नंतर बराच विचार केला. हाच गट 2020 च्या टाळेबंदीत आपला आधार होता. कोणाची औषधे, कोणाचे दूध, एकट्या राहणाऱ्या आजींची चौकशी, सारे यावरूनच झाले. मग पाच-सहा वर्षांत काय बदलले? माणसे तीच आहेत. बदलले ते एवढेच, की माणसांच्या मधे संस्था, दुकाने आणि पक्ष येऊन उभे राहिले.

हे केवळ आपल्याकडे घडलेले नाही. फेसबुक 2004 साली निघाले ते विद्यार्थ्यांनी एकमेकांना शोधावे म्हणून. 2007 च्या अखेरीस कंपन्यांना तिथे स्वतःची पाने उघडण्याची सोय मिळाली. 2009 मध्ये ‘लाइक’चे बटण आले. मित्राच्या बाळाचा फोटो असो की साबणाची जाहिरात, पसंती दाखवायची खूण एकच. कंपन्याही मित्रासारख्या बोलू लागल्या. सकाळी ‘सुप्रभात’, पावसाळ्यात ‘भजी खाल्लीत का?’ माल विकणाऱ्याने आपुलकीची भाषा उचलली आणि आपुलकीने बोलणाऱ्याचा आवाज त्यात बुडाला. जानेवारी 2018 मध्ये खुद्द मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे मान्य केले, की व्यवसाय, ब्रँड आणि माध्यमांच्या मजकुराने लोकांचे खाजगी क्षण बाजूला ढकलले आहेत. ज्याने दुकान मांडले, त्यानेच गर्दीची तक्रार करावी, यापरता पुरावा कोणता?

व्हॉट्सॲपची वाटही तीच. जाहिरातींना ठाम विरोध असलेल्या संस्थापकांची ही सेवा 2014 साली फेसबुकने विकत घेतली. 2018 मध्ये व्यापाऱ्यांसाठी वेगळे ॲप आले, 2023 मध्ये चॅनेल आले, आणि 2025 मध्ये ‘अपडेट्स’च्या भागात जाहिराती आणण्याची घोषणा झाली.

यात राजकारण आहे का? आहे. आपल्या देशात 2015 च्या डिसेंबरमध्ये फेसबुकने ‘फ्री बेसिक्स’ या आपल्या योजनेसाठी मोहीम उघडली होती, ती अनेकांना आठवत असेल. दूरसंचार नियामकाकडे, म्हणजे ट्रायकडे, पाठिंब्याचा तयार मजकूर पाठवा, असे आवाहन पडद्यावर येई. ‘तुमच्या अमुक मित्राने पाठवला, तुम्हीही पाठवा’ अशा सूचनाही आल्या. लाखो लोकांनी मजकूर न वाचता बटण दाबले, कारण मित्राचे नाव दिसले. 8 फेब्रुवारी 2016 रोजी ट्रायने अशा वेगवेगळ्या दरांच्या योजनांना मनाई केली, हा भाग निराळा. आपण ध्यानात घ्यायचे ते हे, की आपल्या मैत्रीचा उपयोग तिसऱ्याच कोणाची वकिली करण्यासाठी होऊ शकतो, आणि तो होत असताना आपल्याला वाटते, आपण मित्राला साथ देतो आहोत.

आता आमचा दुसरा कबुलीजबाब. मागे एका निवडणुकीच्या वेळी सभासदांच्या फोन नंबरांची यादी एका इच्छुक उमेदवाराला आमच्याकडूनच गेली. ‘आपलाच माणूस आहे’ या भावनेने दिली. मराठी माणूस निवडून यावा ही इच्छा गैर नाही. पण वर्गणीची पावती फाडताना आपण नंबर मंडळाला दिला होता, उमेदवाराला नव्हे. 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचा पाया ‘संमती’ हाच आहे. आणि कायदा नसता, तरी विश्वास होताच.

मग संस्था नकोतच का? असे आम्ही म्हणणार नाही. ज्या नगरीत आपण बसलो आहोत, तिथे 1910 साली सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे खाते उभे केले. पुस्तकांच्या पेट्या गावोगावी फिरल्या. पुस्तक वाचकाच्या हाती देऊन संस्था बाजूला होत असे. आमच्या मते चांगल्या संस्थेची कसोटी हीच. ती माणसाला माणसापर्यंत पोहोचवते आणि मधून दूर होते. मधेच उभी राहून आपले बोधचिन्ह दाखवू लागली, की सभासदांचे प्रेक्षक होतात.

दुकानांबद्दलही विचारपूर्वक बोलले पाहिजे. आपल्या कितीतरी भगिनी दिवाळीच्या फराळाच्या, पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी याच गटावरून घेतात. त्यावर काही घरांचा महिना चालतो. त्यांचा धंदा बंद पाडायचा नाही. त्याला जागा वेगळी द्यायची आहे.

म्हणून कार्यकारिणीने चार गोष्टी ठरवल्या आहेत आणि आपली मान्यता मागत आहोत.

एक, गट तीन राहतील. सूचनांच्या गटावर फक्त कार्यालय लिहील, व्यवसायाच्या गटावर ज्याला हवे त्याने माल दाखवावा. मुख्य गट फक्त आपसातल्या बोलण्यासाठी. तिथे फलक नाहीत, कोणत्याही पक्षाचे नाहीत आणि मंडळाचेही नाहीत.

दोन, पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांचे शुभेच्छाफलक आजपासून बंद. सुरुवात आमच्यापासून.

तीन, सभासदांची यादी लेखी संमतीशिवाय कोणालाही मिळणार नाही. मागणारा आपला असला तरी.

चार, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. दांडिया बाजार, रावपुरा आणि इतर प्रत्येक भागासाठी दोन सभासद नेमायचे. त्यांचे नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर छापून घरोघरी देऊ, ते फोनशेजारी चिकटवावेत. अडचणीच्या वेळी गटावर लिहू नका, फोन करा. रात्री दोन वाजता केलात तरी चालेल. या कामासाठी नावे हवी आहेत. पहिली दोन आम्ही आमचीच लिहिली आहेत.

एक राहिले. त्या खालच्या मजल्यावरच्या मुलाचा सत्कार करावा असे काहींनी सुचवले. शाल, श्रीफळ, फोटो. आम्ही त्याला विचारले, तर तो म्हणाला, ‘काकांना सांगा, रविवारी कॅरम खेळायला खाली या.’ काका जातात. फोटो काढलेला नाही.

वही दाराशी ठेवली आहे. जाताना नाव लिहून जावे, ही विनंती.

जय महाराष्ट्र, जय गुजरात, जय हिंद.