एक इंजिन बंद पडलं तर



उडत्या विमानात अचानक मोठा दणका बसतो, खिडकीतून इंजिनाची ज्वाळा दिसते. आता विमान खाली जाणार, असंच वाटतं. पण तसं होत नाही. दोन इंजिनांचं प्रवासी विमान एका इंजिनावर उडतं, वरही चढतं. हे सिद्ध झाल्याशिवाय त्याला प्रवासी नेण्याची परवानगीच मिळत नाही. दोन्ही इंजिनं गेली तरी काही वेळ हातात असतो. ऑगस्ट 2001 मध्ये एअर ट्रान्साटच्या विमानाचं इंधन गळून अटलांटिकवर दोन्ही इंजिनं थांबली. ते सुमारे 19 मिनिटं नुसतं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं. 306 जण होते, सगळे वाचले.

एक इंजिन गेलं की गाडीचा एक बैल अडल्यासारखं होतं. विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे वळू लागतं. वैमानिक विरुद्ध बाजूचं पेडल दाबून ते सरळ धरतो. त्या घडीला त्याचं काम एवढंच. उड्डाण करतानाच बिघाड झाला, तर निदान 400 फूट उंची गाठेपर्यंत इंजिनाच्या बटणांना हात लावायचा नाही, असा आम्हा वैमानिकांत दंडक आहे. मग दोघांपैकी एका वैमानिकाने इंजिनाच्या कळीवर हात ठेवून कोणतं इंजिन ते मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी खात्री करून होकार द्यायचा, आणि त्यानंतरच ती मागे ओढायची. ऐकायला हे पोरखेळासारखं वाटेल. पण इंजिन बिघडण्यापेक्षा मला भीती वाटते ती घाईत चांगलं इंजिन बंद होण्याची.

असं घडलेलं आहे. 8 जानेवारी 1989 ला ब्रिटिश मिडलंडचं बोईंग 737 लंडनहून बेलफास्टला निघालं होतं. डाव्या इंजिनाच्या पंख्याचं पातं तुटलं. विमान थरथरलं, कॉकपिटमध्ये धुराचा वास आला. वैमानिकांना वाटलं, बिघाड उजवीकडे आहे. त्यांनी उजव्या इंजिनाचा जोर कमी केला आणि नेमकी त्याच वेळी थरथर कमी झाली. हा निव्वळ योगायोग होता, पण त्यांची खात्री पटली. उजवं इंजिन बंद झालं. थरथर दाखवणारा काटा त्या नव्या विमानात इतका बारीक होता की चटकन नजरेत भरत नसे. उतरताना जोर द्यायची वेळ आली तेव्हा आधीच मोडलेल्या डाव्या इंजिनाने हात टेकले. धावपट्टीच्या अगदी अलीकडे, केगवर्थ गावाजवळ महामार्गाच्या बांधावर विमान आदळलं. 126 जणांपैकी 47 गेले.

यातली जी गोष्ट मला आजही अस्वस्थ करते, ती कॉकपिटबाहेरची आहे. उजवं इंजिन बिघडलं होतं, ते बंद केलंय, असं कॅप्टनने सर्वांना सांगितलं. डावीकडच्या इंजिनातून आग निघताना काही प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनीही पाहिली होती. पण पुढे जाऊन कोणीच बोललं नाही. एवढा जाणता माणूस चुकेल कसा, असं त्यांना वाटलं असणार. आपल्याकडेही वेगळं काही झालं नसतं.

म्हणून माझी विनंती आहे. खिडकीतून ज्वाळा, धूर, गळणारं इंधन असं काही दिसलं, तर केबिनमधल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा आणि डावीकडे की उजवीकडे हेही सांगा. घोषणा तुम्ही पाहिलेल्याशी जुळत नसेल, तर बेधडक विचारा. वैमानिकाला बसल्या जागेवरून इंजिन सहसा दिसत नाही.

बाकीचं थोडक्यात. ऑक्सिजनचा मुखवटा नाक आणि तोंड दोन्ही झाकेल असा लावा. फक्त तोंडाला लावणारे पुष्कळ असतात. पाण्यावर उतरायची वेळ आलीच, तर जीवरक्षक जाकीट विमानाच्या आत फुगवू नका. 1996 मध्ये कोमोरोस बेटांजवळ इथिओपियाचं विमान समुद्रात पडलं, तेव्हा आत पाणी भरल्यावर फुगलेल्या जाकिटांमुळे कित्येकांना दारापर्यंत पोहोचताच आलं नाही.

एका इंजिनावर उतरल्यावर धावपट्टीकडेला अग्निशमन दलाच्या गाड्या उभ्या दिसतील. ती नेहमीची तयारी आहे. बहुतेक वेळा विमान आपल्या चाकांवर फलाटापर्यंत जातं आणि तुम्ही शिडीवरून उतरता. घसरगुंडीवरून उतरा असा हुकूम आलाच, तर वरची बॅग वरच राहू द्या.